घुमलं का?

"नाही हो. काहीच नाही," नोनोका म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने जांभई दाबली.

तोमोएच्या चिमटीत सुईची मूठ तशीच राहिली. आपल्याला नीट ऐकू आलं नसावं, असंच तिला वाटलं. शनिवारची दुपार होती. ॲक्युपंक्चरच्या शाळेतल्या वर्गातला हीटर फुरफुरत होता, खाटांवर निम्मा वर्ग पँट गुडघ्याच्या वर दुमडून उताणा पडला होता आणि उरलेला निम्मा त्यांच्या नडग्यांवर वाकून 'घुमलं का, घुमलं का' अशी कुजबुज करत होता. तिने परत विचारलं, "घुमलं ना?" नोनोकाने मान उचलून आपल्याच पायाकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा असं पाहिलं. "सुई आहे एवढं कळतंय, तोमोएसान. बाकी काही नाही. थंडगार."

सुई टोचते ते वेगळं आणि घुमते ते वेगळं, हे हिराओका सेन्सेईंनी, म्हणजे त्यांच्या मास्तरांनी, पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. टोचणं कातडीचं असतं, ते कुणालाही जमतं, डासालाही जमतं. घुमणं आतलं. गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या कडेला जी खळी लागते तिच्यात सुई हवी तितकी आत गेली की मांसात काहीतरी जड, बोथट असं हलतं आणि पायाच्या बोटांकडे पसरत जातं. देवळातली घंटा वाजून गेल्यावर छातीत जे मागे राहतं, तसलं. ते आणता आलं म्हणजे अर्धी विद्या आली. आणि ते आलं की नाही, हे फक्त खाटेवर पडलेल्यालाच ठाऊक. पुढे पुढे सुई मारणाऱ्याच्या बोटांनाही कळायला लागतं म्हणतात, गळ टाकून बसलेल्याला मासा कळतो तसं. पण ते कळायला आधी कुणीतरी दुसऱ्याने शंभरदा सांगावं लागतं की हां, आत्ता, इथे. म्हणून तर इथे सगळे एकमेकांच्या अंगावर शिकतात. आज माझा पाय तुला, उद्या तुझी पाठ मला. खाटेवरच्याने खरं सांगायचं, हा एकच नियम, आणि तो कुठे लिहून लावलेला नव्हता, कारण तो मोडून कुणाला काय मिळणार?

तोमोएने सुई काढली, कापसाचा बोळा दाबला, नवी घेतली. पुन्हा खळी चाचपली. खळी तर बरोबर होती, ती डोळे मिटूनही सापडली असती. सुई घातलेली बारीक नळी टेकवली, तर्जनीने टकटक केलं, नळी काढून घेतली, अंगठा आणि तर्जनी किंचित फिरवत सुई आत सोडली. तिच्या बोटांना वाटलं, पोचली. अगदी स्पष्ट वाटलं. "आता?" "नाही." आणखी थोडी आत. "आता?" "नाही हो." नाचता येईना अंगण वाकडं, तशी तोमोए मनात म्हणाली, ही पोर शाळेत व्हॉलीबॉल खेळलेली आहे, तिची पोटरी म्हणजे लाकूड, त्यात काय घुमणार? तोवर हिराओका सेन्सेई मागे येऊन उभे राहिले होते. गुडघे धरलेला, गोल पोटाचा, खिशात कायम काळ्या साखरेच्या गोळ्या बाळगणारा माणूस. त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली, वाकले, तोमोएने मारलेली सुई काढलीसुद्धा नाही, तीच धरून जराशी कलती केली आणि तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सारली. नोनोकाचा अंगठा उडाला. "आई गं," ती म्हणाली, "थेट बोटांपर्यंत गेलं. अजून जातंय." सेन्सेई सरळ झाले, एकेक मणका मोजत झाल्यासारखे. "इशिगामीसान," ते तोमोएला आडनावाने म्हणाले, "दोन वर्षं कुणाच्या पायात सुया खोचत होता? टेबलाच्या?" वर्ग हसला. ओसाकात असल्या गोष्टीला हसायला कुणी लाजत नाही, आणि ज्याच्यावर विनोद झाला त्याने सगळ्यांच्या आधी हसायचं असतं. तोमोए हसली. पण जरा उशिराच हसली.

कुणाच्या पायात, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुरामोचीसानांच्या. ते आज नव्हते, भावाच्या वर्षश्राद्धाला वाकायामाला गेले होते, नाहीतर नोनोकाच्या खाटेशी येण्याची वेळच तोमोएवर आली नसती. पहिल्या वर्षी नावांच्या क्रमाने जोड्या लावल्या तेव्हा तिच्यापुढे ते आले होते: वयाची साठी ओलांडलेले, शहराच्या बस चालवून निवृत्त झालेले, मान अजूनही आरशात बघत असल्यासारखी मधून मधून उजवीकडे वळणारी. वर्गात बाकीची सगळी विशीतली पोरं. त्यांनी या दोघांकडे एकदा पाहिलं आणि 'आजी-आजोबा खाट' असं नाव ठेवून दिलं. एकेचाळिसाव्या वर्षी आजी! तोमोएला तेव्हा ते लागलं होतं, पण कुरामोचीसान म्हणाले, "बरं झालं, कुणी आपली खाट मागणार नाही." भिंतीकडेची खाट. तिथे पातेल्यातल्या पाण्यावर वांगं तरंगत ठेवून त्यात सुई मारायला दोघं शिकले, वांगं न बुडवता, न हलवता. त्यांचं सारखं बुडायचं आणि ते वांग्याची माफी मागायचे. मग स्वतःच्या मांडीत. मग एकमेकांच्या. दुसऱ्या माणसाच्या कातडीतून पहिली सुई आत जाताना तोमोएच्या हाताला घाम सुटला होता, आणि ते डोळे मिटून, ओठ मिटून पडले होते, दाढी करून घेणाऱ्या गिऱ्हाईकासारखे. मग हळूच म्हणाले होते, "हां. घुमलं. घोट्यापर्यंत." त्या 'हां'वर तिचे डोळे भरून आले होते. दोन वर्षांत ते किती वेळा 'हां' म्हणाले! आणि दर वेळी तिच्या बोटांनी ते जपून ठेवलं, हे असं लागतं, हे असं जड होतं, हे असं ओढतं. बोटांत भरलेलं ते सगळं आज नोनोकाच्या पायावर गेलं आणि तिथे त्याला कुणी ओळखच दिली नाही.

शाळेतून स्टेशनकडे जाताना ती छपराच्या बाजारगल्लीतून गेली. रोजचंच होतं: तळणीचा वास, मोज्यांच्या टोपल्या, औषधाच्या दुकानातलं तेच ते गाणं. परीक्षा पुढच्या शनिवारी होती. ही पास झालं तर तिसऱ्या वर्षी शाळेच्या दवाखान्यात बसायचं, जिथे खरी माणसं येतात, आसपासच्या म्हाताऱ्या, गुडघे घेऊन, खांदे घेऊन. परीक्षेत जोडी चिठ्ठी टाकून ठरते. खाटेवर कुणीही असेल, नोनोका असेल, तिच्याहून टणक कुणी असेल, आणि सेन्सेई शेजारी उभे राहून विचारतील, घुमलं का. नापास झालं तर काय होतं? वर्ष पुन्हा करता येतं. लोक करतात. पण तोमोएला नापास होण्याची भीती वाटत नव्हती; ती भीती निदान ओळखीची असती. तिला वाटत होतं की आपल्या हातांना काही येतं की नाही हेच आपल्याला माहीत नाही. नाही येत, असं कळलं असतं तरी चाललं असतं. हे मधलंच काय आहे? कुरामोचीसानांच्या पायात घुमतं आणि नोनोकाच्या पायात घुमत नाही. मग माझी बोटं बरोबर की चूक? की एका पायापुरती बरोबर? तिने चालता चालता कोटाच्या खिशात अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवून पाहिली. बोटं काही बोलली नाहीत.

भूक नव्हती, पण पाय नेहमीच्या दुकानात वळले. तळलेल्या टोफूची उदोन, सारातल्या जाड शेवया, समोर आली. दुकानदारीण ओटा पुसत म्हणाली, "आज सार जरा वेगळं केलंय, सुनेने केलंय. कसं झालंय?" "छान झालंय," तोमोए म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की चमचा अजून तिने उचललेलाच नाही. दुकानदारीण खूश होऊन आत गेली, आतून सुनेला काहीतरी सांगितल्याचा आवाज आला. तोमोए वाडग्याकडे बघत बसली. मग चव घेतली. चांगलं होतं. थोडं गोड होतं. आता ते चांगलं आहे म्हणून चांगलं लागतंय, की आपण आधीच छान म्हणून बसलोय म्हणून, हे तिला काही केल्या ठरवता येईना. अठरा वर्षं तिने हेच काम केलं होतं. न्हाणीघरातल्या पाणी तापवण्याच्या यंत्रांची कंपनी, तक्रारींचा फोन, कानाला लावलेलं ते उपकरण, आणि 'हो, बरोबर आहे तुमचं, हो, कळतंय मला, हो'. तिकडे माणूस शिव्या देत असायचा, इकडे तिचा हो दर तीन वाक्यांनी, श्वासासारखा. नव्या मुलींना ती शिकवायची: हो म्हणजे कबुली नव्हे, हो म्हणजे मी इथे आहे, फोन ठेवला नाही. हे तिने शिकवलंय, स्वतःच्या तोंडाने. मग कुरामोचीसानांचं 'हां' हे त्यातलं असू शकेल, हे तिला कसं सुचलं नाही? छे, पण तसं कशावरून? नोनोकाचा पाय लाकडाचा आहेच की. आणि सेन्सेईंनी हात लावल्यावर घुमलंच ना. मग पाय लाकडाचा नाही. एवढ्याशा गोष्टीचा तिला असा गुंता झाला की उदोन गार होऊन फुगली.

आणि मग तात्सुरो आठवलाच. त्याला आठवायचं नाही असं ठरवल्याला चार वर्षं झाली होती. अकरा वर्षांच्या संसारात तात्सुरो कधी नाही म्हणाला नाही. सिनेमा? चालेल. पडदे निळे? चालेल. दर गुरुवारी ती शिरक्यात मुरवलेला बांगडा करायची, तिच्या आईच्या पद्धतीने, आणि तो खाऊन म्हणायचा, छान झालाय. भाजी विकत घ्यावी तितक्या सहज ती हे 'छान' घेऊन घरात ठेवत गेली. आणि घटस्फोटाचे कागद टेबलावर ठेवून, चहा पीत, अगदी शांतपणे तो म्हणाला होता, मला पहिल्यापासूनच काही जमलं नाही इथे. तिने विचारलं, पहिल्यापासून म्हणजे? तो म्हणाला, पहिल्यापासून. तिने विचारलं, बांगडा? आणि तो कप खाली ठेवून म्हणाला होता, आंबट मला सोसत नाही. माणूस गेल्याचं दुःख तिला झालं, ते होतं तसं झालं आणि ओसरलं. पण ते मागचे सगळे गुरुवार! त्यांचं काय करायचं, हे तिला अजून कळलं नव्हतं. ते झाले की नाही झाले? ती सुखी होती त्या गुरुवारी, मग ते सुख कशाचं होतं? शाळेच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'शरीर खोटं बोलत नाही'. एवढं एक वाक्य वाचून तिने अठरा वर्षांची नोकरी सोडली होती. माणसांच्या बोलण्याचा तिला वीट आला होता; तिला बोटांनी कळायला हवं होतं, मांसातून, जिथे शिष्टाचार पोचत नाही. आणि आली तर कुठे? आगीतून फुफाट्यात.

रविवारी घरी तिने स्वतःच्या पायावर सुई मारून पाहिली. घुमलं. म्हणजे काहीतरी झालं, जड, बोथट, खाली सरकणारं. पण सुई कुठे आहे हे तिला माहीत होतं, काय व्हायला हवं हेही माहीत होतं, आणि झालं असं तिला हवं होतं. स्वतःची साक्ष स्वतःच काढल्यासारखं ते होतं. तिने सुई काढली आणि खिडकी उघडून बराच वेळ समोरच्या गच्चीवरच्या वाळत्या गाद्यांकडे पाहत उभी राहिली.

मंगळवारी कुरामोचीसान आले ते पिशवीभर संत्री घेऊन. प्रत्येकाच्या हातात एक-एक ठेवत वर्गभर फिरले. "श्राद्धाची आहेत, पण गोड आहेत. भाऊ आंबट होता," असं प्रत्येकाला सांगत. तोमोएला दोन दिली. "शनिवारी कसं झालं?" त्यांनी विचारलं. "नोनोकासानबरोबर होते," ती म्हणाली. "तिचा पाय कठीण आहे," ते लगेच म्हणाले. तिने न विचारताच म्हणाले. मग भिंतीकडेच्या खाटेवर चढले, पँट दुमडली, नेहमीसारखा डावा पाय बाहेरच्या बाजूला आला, डोळे मिटले. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. सुरकुत्यांचा, साधा, बसस्टॉपवर थांबलेल्यांना हात करणाऱ्या माणसाचा चेहरा. आपण जे करणार आहोत ते तिने ठरवलं नव्हतं, हे तिने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तिने खळी चाचपली. बोळ्याने पुसली. ट्रेमधली नळी उचलली. सुई ट्रेमध्येच राहू दिली. रिकामी नळी कातडीवर टेकवली, नळीच्या तोंडावर तर्जनीने टकटक केलं, नळी काढून घेतली, आणि मोकळी चिमूट नडगीवर धरून, काही नसलेलं ते किंचित फिरवत, हळूहळू आत सोडलं. आत सोडलं म्हणजे काय सोडलं, देव जाणे. तिचे खांदे सैल झाले.

"हां," कुरामोचीसान म्हणाले. "घुमलं. छान. घोट्यापर्यंत आलं."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास आला. तोमोएला राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली, पण आला नाही. त्याऐवजी पायऱ्या उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाऊल हवेत पडतं, तसं झालं. चिमूट तशीच, त्यांच्या नडगीवर. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "काढणार ना?" आणि ती म्हणाली, "काढायला काही नाही, कुरामोचीसान. सुई नव्हतीच."

त्यांनी डोळे उघडले, पण तिच्याकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं. मान एकदा उजवीकडे वळली आणि परत आली. "असं," ते म्हणाले.

"असं काय? दोन वर्षं, कुरामोचीसान."

"हळू बोला."

"हळूच बोलतेय. काही कळत नाही का तुम्हाला?"

"कळतं. सगळंच नाही असं नाही. गोधडीवरून कुणी हात फिरवावा ना, तेवढं कळतं." ते कोपरावर रेलून अर्धवट उठले. "रिटायर व्हायच्या आधीची गोष्ट. डेपोत बस लावत होतो. क्लच दाबला की नाही तेच कळेना. पाय खाली दिसतोय, पण दाबला की नाही ते पायालाच ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यात बारीकशी गाठ येऊन गेली रक्ताची. चालताय, बोलताय, नशीबवान आहात. मी त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली. कुणी म्हणालं नव्हतं ठेवा म्हणून."

"तिथे किल्ली ठेवलीत," तोमोए म्हणाली. "आणि इथे?"

दुमडलेल्या पँटेची घडी सारखी करत बसले. "इथे मी शिकायला नाही आलो, खरं सांगायचं तर," ते म्हणाले. "म्हणजे शिकायलाही आलो. पण मला वाटलं, रोज सुया बसतील तर येईलही परत कधीतरी. पाय. नाही म्हणालो असतो तर तुम्ही दुसरा पाय शोधला असतात. शोधायलाच हवा होता. मला आपली भीती, खाट जाईल."

"पण आत्ता म्हणालात छान. घोट्यापर्यंत. सुई नसताना. ते कुठून आणलंत?"

"तुमच्याकडून."

"माझ्याकडून?"

"तुम्ही सुस्कारा सोडता," कुरामोचीसान म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "सुई पोचली की. बारीकसा, नाकातून. पहिल्या दिवसापासून. मला वाटायचं, बाईंना कळलंय, पोचली. त्यांच्या बोटांना कळलंय तर मी कोण नाही म्हणणारा? मी आपला तो सुस्कारा ऐकायचो आणि हां म्हणायचो. मला वाटलं, मी खोटं नाही बोलत, तुमचंच तुम्हाला परत देतोय."

तोमोए स्टुलावर बसली. आपण सुस्कारा सोडतो, हे तिला माहीतच नव्हतं. आत्ताही सोडला का, रिकाम्या चिमटीवर? सोडला असणार. तिचे खांदे सैल झालेले तिला आठवत होते. पण तिला तर वाटत होतं की ते हां म्हणायचे म्हणून आपला जीव भांड्यात पडायचा! ते हां म्हणाले की तिला बरं वाटायचं, तिला बरं वाटलं की ते हां म्हणायचे. मग पहिल्यांदा कोण? त्या पहिल्या दिवशी, हाताला घाम सुटला होता तेव्हा, आधी सुस्कारा की आधी हां? ती आठवू लागली आणि जितकं आठवलं तितकं ते पुसट होत गेलं. दोघंही दोन वर्षं भिंतीकडेच्या खाटेवर एकमेकांकडे पाहून माना डोलवत होते आणि मध्ये, जिथे सुई होती, तिथे कुणीच नव्हतं. तात्सुरोसुद्धा असंच करत होता का? बांगडा पानात वाढताना तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं का, जे बघून त्याच्या तोंडून छान निघायचं? तो खोटारडा होता, हे तिने चार वर्षं धरून ठेवलं होतं. तेवढं तरी पक्कं होतं. आता तेही सुटू लागलं. तिला एकदम रडू आलं, आणि कशासाठी ते नीट कळेना. हातांसाठी, गुरुवारांसाठी, की या म्हाताऱ्याच्या पायासाठी, जो इतक्या सुया सोसून परत आला नव्हता?

"सेन्सेईंना सांगायचं तर सांगा," कुरामोचीसान म्हणाले. "सांगायला हवंच. बधिर पायावर सुई म्हणजे धोका, मला माहीत आहे. मीच सांगतो. फक्त शनिवारपर्यंत..." आणि तिथेच थांबले. शनिवारपर्यंत काय, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"उजवा पाय?" तोमोएने विचारलं.

"उजवा काय?"

"उजव्या पायाला कळतं?"

"उजव्याला सगळं कळतं. उजवा ब्रेकचा."

"मग उलटे झोपा."

"म्हणजे?"

"डोकं तिकडे, पाय इकडे. उजवा पाय बाहेर येईल. भिंत काही हलत नाही, कुरामोचीसान, माणूस हलू शकतो."

ते थोडे घुटमळले. मग खाटेवर बसल्या बसल्या वळले, उशी उचलून पायथ्याशी नेली, आणि उलटे पडले. कुठल्याशा पोराने बघून म्हटलं, "आजोबा उलटे झोपले रे," आणि दोघं-तिघं हसले. उजवी पँट वर दुमडली. हा पाय तोमोएने कधी पाहिला नव्हता. डाव्याहून भरलेला होता, घोट्याजवळ एक जुना व्रण होता. तिने हात लावला तसा तो किंचित दचकला. डावा पाय दोन वर्षांत असा एकदाही दचकला नव्हता.

"एक सांगते," ती म्हणाली. "माझ्याकडे लक्ष द्यायचं नाही. माझा सुस्कारा माझ्याकडे. तुम्ही फक्त तुमच्या पायाचं सांगायचं."

"आणि नसलं काही, तर?"

"तर नाही म्हणायचं."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल," तोमोए म्हणाली. "तरी म्हणायचं."

तिने नळीत सुई घातली. त्यांना दिसेल अशी वर धरून दाखवली, त्यांनी मान हलवली. खळी चाचपली, या पायावर ती जराशी वेगळी होती, जास्त खोल, एका बाजूला सरकलेली. टकटक केलं. नळी काढली. सुई सोडत गेली. बोटांना कातडी कळली, कातडीखालचं मऊ कळलं, मग काहीतरी किंचित घट्ट. की तिला वाटलं? तिने चेहऱ्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. त्यांनी डोळे मिटले नव्हते. भुवया आक्रसून, ओठ मिटून, अनोळखी रस्त्यावर पाटी शोधणाऱ्या माणसासारखे ते छताकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले.

तिने सुई किंचित मागे घेतली, कलती केली, पुन्हा सारली. सेन्सेईंनी केली होती तशी, किंवा तिला तसं वाटलं.

"नाही. टोचलं फक्त."

"दुखलं?"

"दुखलं थोडं. तुम्ही करा."

हीटर फुरफुरत होता, पलीकडे कुणाला तरी घुमलं होतं, कुणीतरी खुदकन हसलं. शनिवारी हे असंच होणार होतं, आणि कदाचित तेव्हाही नाहीच येणार होतं, आणि मग वर्ष पुन्हा करावं लागणार होतं, या पायावर, पहिल्यापासून. तिने तांदळाच्या दाण्याएवढी सुई पुढे सारली. बोटांना काहीतरी लागलं. जड. ओळखीचं. तिचे खांदे आपोआप खाली आले.

कुरामोचीसानांचे ओठ हलले, तो जुना शब्द तिथपर्यंत आलेला तिला दिसला, दोन वर्षांच्या सवयीचा, अगदी दाताशी. त्यांनी तो गिळला. त्यांच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली आलेली तिने पाहिली.

"सुस्कारा सोडलात तुम्ही," ते म्हणाले. "पण नाही. अजून नाही आलं."

आयुष्यात कुणी तिला इतक्या कष्टाने नाही म्हटलं नव्हतं. तोमोएने मान हलवली, सुई काढली, बोळा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने नवी सुई उचलली.